सहा तासांचं परिपत्रक

"साहेब, कळवलं का दिल्लीला?" नेत्राने तिसऱ्यांदा विचारलं.

"बघू गं." हेडक्लार्क कुंडलिक सावंतांनी चष्मा पुसला.

बघू म्हणे! सकाळी सव्वादहाला जन्म-मृत्यू नोंदणीचा संगणक चालू केला, तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर हॅकर्सची खंडणीची चिठ्ठी. हजारो घरांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर चोरांच्या हाती गेलेले. असं घडलं की दिल्लीच्या सायबर कक्षाला सहा तासांत कळवायचं, हे परिपत्रक वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवरच चिकटवलं होतं. आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणारा हा माणूस चष्मा पुसत बसला होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," शेजारचा सुशांत कुजबुजला. "म्हाताऱ्याची पेन्शन अडकेल ना. तू कशाला डोकं लावतेस यार? कंत्राटावर आहेस तू."

"उद्या तुझ्या आईला चोराचा फोन येऊ दे, मग विचारते तुला." नेत्रा खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

त्या ऑफिसची एक रीत होती. सकाळी जो आधी येईल त्याने आपला लॉगिन उघडायचा, आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच काम उरकायचं. काल आधी आली होती नेत्रा. तिच्याच लॉगिनवर संध्याकाळी कुणीतरी भलती मेल उघडली आणि घात झाला. कुणी उघडली, ते कोणीच सांगेना.

जेवणानंतर सावंतांनी तिला आत बोलावलं. रजेचा अर्ज पुढे सरकवला. तारीख कालची.

"सही कर. काल तू आलीच नव्हतीस."

"म्हणजे?"

"सांगतो ते ऐक. हजेरीचं मी बघतो."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. साक्षीदारच गायब करायचा! "खोट्या कागदावर सही नाही करणार, साहेब. तुमच्या हाताखाली काम केल्याची लाज वाटते मला."

सावंतांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

पावणेचारला नेत्राने स्वतःच्या मोबाइलवरून सायबर कक्षाला मेल लिहिली. काहीही लपवलं नाही. लॉगिन आपला, काल आपण दिवसभर हजर, सावंत प्रकरण दडपतायत, वर खोटी रजा टाकायला सांगतायत. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. गेली तर गेली, ती मनाशी म्हणाली.

वीस मिनिटांत उत्तर आलं.

"आपल्या कार्यालयाचा अहवाल आज सकाळी अकरा वाजताच मिळाला आहे. संबंधित कंत्राटी कर्मचारी काल रजेवर होत्या, त्यांचा लॉगिन मी वापरला व ती मेलही मीच उघडली, असा लेखी जबाब श्री. कुंडलिक सावंत यांनी दिला आहे. आपल्या पत्रावरून तो खोटा असल्याचे स्पष्ट होते. पत्राची प्रत त्यांच्या वरिष्ठांकडे कारवाईसाठी पाठवली आहे. सहकार्याबद्दल आभारी आहोत."