कपाळावरचं बोट

"ही सोंड आजच कापून टाका," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

सोंड हा तिच्या नणंदेचा शब्द. गाठ काढताना तिच्या नाकाचा शेंडाही गेला होता. डॉक्टरांनी कपाळाच्या कातडीची पट्टी खाली वळवून तिथे नवा शेंडा घडवला होता. पट्टीचं वरचं टोक अजून भुवईपाशी जोडलेलं होतं. नव्या शेंड्याला रक्त तिथूनच येत होतं. स्पर्श कळवणाऱ्या नसाही तिथल्याच.

"आज कापली तर शेंडा काळा पडून गळेल. थोडे दिवस कळ काढा."

"गळला तर गळू दे. पोरगा माझ्याकडे फिरकत नाही. घासही आत्याच्या हातचा लागतो त्याला."

"काहीतरीच काय, वहिनी!" नणंद म्हणाली. "दुपारी तुमचा डोळा लागला की जातो ना गुपचूप तुमच्याजवळ."

"जागीच असते मी. डोळे उघडले की धूम ठोकतो, म्हणून मिटून पडते." ती डॉक्टरांकडे वळली. "येतो, कपाळाला बोट लावतो आणि पळतो. नाकाच्या वाटेला जात नाही. किळस येत असेल."

डॉक्टर टाके पुसत होत्या. "लावतो म्हणजे? तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? गार, ओलं बोट. सारखं तोंडात असतं त्याचं."

डॉक्टरांचा हात थांबला. भुवयांपासून केसांपर्यंत तिचं कपाळ जाड ड्रेसिंगखाली होतं.

"ड्रेसिंग तो उचलतो का?"

"छे! त्याची काय हिंमत."

"डोळे मिटा बघू."

तिने मिटले. डॉक्टरांनी हातमोज्यातलं बोट पाण्यात बुडवलं.

"आता सांगा, कुठे लागतंय?"

"कपाळावर. हे असंच लावतो तो."

"नक्की कपाळावर?"

"अहो, माझं कपाळ मला कळत नाही का?"

नणंदेने तोंडावर हात धरला.

"मी बोट हलवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हळूच डोळे उघडा."

तिने डोळे उघडले. बोट नाकाच्या शेंड्यावर होतं.