फिकट की गडद

रंगाऱ्याने पॅसेजच्या भिंतीवर दोन राखाडी पट्टे मारून दाखवले, एक फिकट, एक गडद. सासरे भिंतीला धरून चालत, त्यांच्या हातांचे डाग पडत. म्हणून सुनेत्राला गडद हवा होता.

“फिकटच लावू,” नवरा म्हणाला. “डाग दिसले की बाबांनाच पुसायला लावायचे. मग येणार नाहीत खोलीबाहेर.”

सासरे मागेच उभे होते. त्यांनी भिंतीवरचा हात पटकन काढून घेतला, आणि त्यांचा तोल गेला.

सुनेत्राने त्यांना सावरलं. नवऱ्यानेही हात पुढे केला. त्या हाताची तिला इतकी किळस आली की तिने तो झटकून टाकला.

“गडद लावा,” ती रंगाऱ्याला म्हणाली. “आणि तुमच्या ओळखीचा सुतार असेल तर पाठवा. बाबांना धरायला इथे दांडा बसवायचाय.”

“भिंत वाईट दिसेल,” नवरा पुटपुटला.

“दिसू दे,” म्हणत ती सासऱ्यांना हळूहळू पुढे नेऊ लागली.