बटण कुठे बसवायचं?

खिडक्यांना विजेवर चालणारी शटरं बसवायला कारागीर आला, तेव्हा वहिनी घरात एकटीच होती. बेडरूममधलं शटर कशाने चालवायचं, यावरून तिची आणि दादाची बरेच दिवस कटकट चालली होती. दादाला रिमोट हवा होता. "टीव्हीचा एक सापडत नाही तुला, त्यात आणखी दुसरा!" असं म्हणून वहिनीने दाराशेजारी बटण घ्यायचं ठरवलं.

कारागिराला तिने जागा बोटाने दाखवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. परत येऊन पाहते तर बटण पलंगामागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर!

"अहो, हे काय? दाराशेजारी सांगितलं होतं ना?"

"हो ताई, पण आजी म्हणाल्या, खाली बसव, वर हात पुरत नाही."

"कोण आजी? घरात मी एकटी आहे."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "मी बघितलं नाही त्यांना. पलंगाखालून आवाज आला. वाटलं, खाली शिरून काही शोधत असतील."

दोघंही मागे सरत पॅसेजमध्ये आली.

आत मोटर घुरघुरली. शटर खाली येऊ लागलं, तसं भरदुपारचं ऊन फरशीवरून आक्रसत गेलं.

"आपोआप लागलं का हो?" वहिनीने कसंबसं विचारलं.

"आपोआप कसं लागेल, ताई?" तो पुटपुटला. "बटण दाबून धरावं लागतं. बोट काढलं की थांबतं."

शटर खाली टेकेपर्यंत एकदाही थांबलं नाही.