निळ्या काचमण्यांचा हार

उर्वी दुपारच्या गाडीने पेणहून रोह्याला आली ती डेबोरामावशींनी घडवलेल्या दागिन्यांचे फोटो काढायला. एके काळी मुंबईच्या फॅशन शोमध्ये मावशींचे खोटे दागिने खऱ्यांहून जास्त भाव खाऊन जायचे. आता भावंडं सगळी इस्राएलला होती आणि मावशीही पुढल्या महिन्यात तिकडेच निघाल्या होत्या. दागिने एका प्रदर्शनाला द्यायचे ठरले होते.

निळ्या काचमण्यांचा हार उर्वीने काळ्या मखमलीवर मांडला आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. हार किंचित वर उचलला गेला आणि हळूच खाली बसला. झोपलेल्या माणसाची छाती हलावी, तसा. पंखा तर बंद होता.

"दिसला ना गो तुला?" मावशी मागून म्हणाल्या. "मला वाटायचं, मलाच भास होतात."

"कुणासाठी केला होता, मावशी?"

"कुणासाठीच नाय. आवडला म्हणून ठेवला, पण घालायचा धीर झाला नाय." त्या खुर्चीत बसल्या. "आज घाल माझ्या गळ्यात. मी शहाणी हाय का खुळी, ते जायच्या आधी कळू दे."

उर्वीने मागचा आकडा अडकवला. मण्यांमधून आलेलं उन्हाचं निळं पाणी मावशींच्या हनुवटीवर तरंगू लागलं. हार त्यांच्या श्वासाबरोबर संथ हलत होता. उर्वीला हायसं वाटलं.

"आता बघ हां," म्हणून मावशींनी श्वास रोखून धरला.

हार सावकाश वर आला, खाली गेला आणि पुन्हा वर आला.