चार मिनिटांचा चेहरा

"कचकन्," गिरधर माइकमध्ये म्हणाला, आणि पडद्यावरच्या जपानी माणसाची मान धडावेगळी झाली. कापसाच्या जिनिंगच्या गोदामात बसलेलं अख्खं गाव खूश झालं. म्हाताऱ्यांनीसुद्धा माना डोलावल्या.

धुळ्याच्या फिल्म सोसायटीने खिडक्यांना गोणपाटं लावून भर दुपारी अंधार केला होता. सिनेमा जपानी, खालच्या ओळी इंग्रजी आणि गावाला येते फक्त अहिराणी. म्हणून सोसायटीने सांगणारा ठेवला होता. गिरधर याच गावचा. धुळ्यात कारकून होता, इंग्रजी वाचायचा आणि बोलायला लागला तर मुक्यालाही हुंकार द्यायला लावायचा. सांगणाऱ्याला नियम एकच, गप्प बसायचं नाही. तो गप्प बसला की लोक आधी शिट्या मारतात आणि मग विडी ओढायला बाहेर जातात.

आज गिरधरच्या कमरेला सुरा होता. कारण तिसऱ्या रांगेत नथ्थू बसला होता.

बारा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात नथ्थूने गिरधरच्या मोठ्या भावाला, पितांबरला, कुऱ्हाडीने तोडलं होतं. शिक्षा भोगून तो पंधरवड्यापूर्वी गावात परतला. आताही त्याच्या चारी बाजूंना लोकांनी हातभर जागा मोकळी सोडली होती. बायकांच्या बाजूला गिरधरची आई शेवंताबाई बसली होती. पितांबरचं प्रेत उचललं त्या दिवसापासून तिने पायात चप्पल घातली नव्हती. सकाळी भाकरी वाढताना तिने एवढंच सांगितलं होतं, "लोके बाहेर निंघतीन, तधळ. मन्हं दूध पियेल व्हशी ते आज दखाडी दे."

खेळ सुटून लोक बाहेर निघाले की गिरधर ते दाखवणार होता. नथ्थू मेला की बारा वर्षांपूर्वीची ती एक दुपारही मरेल, असं त्याला वाटत होतं.

पडद्यावरचा तलवारबाज सरदाराच्या हुकमावरून माणसं कापत हिंडत होता. एकाला त्याने भाताच्या चिखलात उभं चिरलं. दुसऱ्याला त्याच्याच दारात, लेकरांसमोर. गिरधर प्रत्येक घाव रंगवून सांगत होता आणि सांगताना नथ्थूच्या मानेकडे बघत होता. नथ्थू खाली मान घालून ऐकत होता.

शेवटी तलवारबाज एका विधवेच्या झोपडीत शिरला. तिच्या नवऱ्याला यानेच मारलेलं. तलवार बाहेर ठेवून तो तिच्यासमोर बसला आणि पडद्यावर नुसता त्याचा चेहरा उरला. सोसायटीच्या प्राध्यापकांनी गिरधरला आधीच बजावलं होतं, "इथे चार मिनिटं एकही ओळ नाही. मेलेला सुटतो, उरलेल्याने जगायचं कसं, हाच सगळा सिनेमा आहे. आणि तो त्या नटाच्या चेहऱ्यावर आहे. तिथे तेवढा गप्प राहा."

गिरधर गप्प राहिला. अर्ध्या मिनिटात पहिली शिटी आली.

"काय म्हनस तो, गिरधरभाऊ?" मागून कोणी तरी ओरडलं.

"तो म्हनस," गिरधर सवयीने बोलून गेला, "मी मारं. दगडनं काळीज करं अन् मारं." नथ्थूच्या तोंडून बारा वर्षं त्याला हेच ऐकायचं होतं. पण एवढ्यावर शब्द संपले. मारणाऱ्याच्या मनात पुढे काय असतं, ते गिरधरला कुठे माहीत होतं? चेहरा तर पडद्यावरून हलेना. नटाचा खालचा ओठ हळूच आत ओढला गेला. तसाच आत ओढलेला स्वतःचा ओठ गिरधर रोज दाढी करताना आरशात बघत आला होता. पुन्हा शिटी आली.

"तो म्हनस, त्यानी मले हाका मार्‍यात. मी दहा पावलंवर दादर ज्वारीमा बशेल व्हतू. मन्हा हातमा कोयता व्हता. तो वरडे, गिर्‍या, ये रे, गिर्‍या. मी उठनू नही. चार हाका मार्‍यात त्यानी. पाचवी उनी नही. मी समजनू, खपना."

आता शिट्या थांबल्या. जपानी माणसाला गिर्‍या कोण म्हणेल, हे गोदामातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सिनेमाचं यंत्र तेवढं घरघरत राहिलं. त्या दुपारी मी सोनगीरच्या बाजारात होतो, असं गिरधरने पोलिसांना सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं आणि हळूहळू स्वतःलाही पटवून दिलं होतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवंताबाई उठून उभी राहिली. "पितांबर तुले हाका मारे?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. सांगणारा पहिल्यांदाच खरोखर गप्प झाला.

तिसऱ्या रांगेतून नथ्थू उठला तशी आजूबाजूची माणसं मागे सरकली. त्याने गिरधरकडे पाहिलं नाही. हात जोडून तो शेवंताबाईशी बोलला.

"अक्का, चौथ्या हाकले पितांबर खपेल नव्हता. त्याले दादर ज्वारीमा गिरधर दिखना. मले बी दिखना, पन पितांबरले वाटनं, मी गिरधरले देखं नही. मन्ही नजर तठे जावाले नको म्हनीसन त्यानी तोंड मिटी लिधं. मंग मी घाव टाकत ऱ्हायनू, अक्का, पन त्यानी शेवटलोंग तोंड उघडं नही."