शिवेपल्याडची गाडी

"परदेशी कंपनी उद्या पळून गेली, तर अर्धवट रूळ काय आमी चाटायचे?" सुंदररावांनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

नांदूरघाटच्या मारुतीच्या सभामंडपात हशा पिकला. भिंतीवर टांगलेल्या नकाशापुढं रोहिणी उभी होती. रेल्वेमार्गाची आखणी करणारी इंजिनिअर. समोर तीसेक माणसं. ऊसतोडीला निघायला अजून महिना होता, म्हणून बहुतेक घरांना कुलूप लागलेलं नव्हतं.

"पळणार नाही, काका. करार तीस वर्षांचा आहे, दोन्ही सरकारांची हमी आहे. गाडी शिवेपलीकडच्या बंदरापर्यंत जाईल. मका, भुईमूग दोन दिवसांत बोटीवर चढेल."

"आन रूळ आमच्या रानातून."

"हो. पण एकाही घराला हात लागणार नाही."

सुंदरराव दहा वर्षं सरपंच होते. त्यांनी आणखी तीन-चार आडवे प्रश्न टाकले. रोहिणी डगमगली नाही. मग पुढं बसलेली भिवराबाई उठली. रोहिणीची आई.

"आता मी तुजी माय न्हाई," तिनं आधीच सांगून टाकलं. "ही काळी रेघ म्हंजी रूळ ना? गाव अल्याड. मंग पानी कुठं हाय?"

रोहिणीनं बोट ठेवलं. विहीर रुळांच्या पल्याड होती.

"रुळाला तारेचं कुंपन घालनार. आमी बायांनी पान्याला जायाचं कुठून?"

"फाटक आहे. तीन किलोमीटरवर."

"तितकं लांब कावून?"

"तिथं रस्ता आहे. गाड्यांना सोयीचं पडतं."

"गाड्यांना," भिवराबाई म्हणाली. "डोक्यावर दोन हंडे घे आन तीन किलोमीटर जाऊन ये. मंग बोलू."

कुणी हसलं नाही. भिवराबाईला गावाजवळचा पाझर तलाव आठवत होता. साहेब आले, मोजून गेले आणि तिच्या रानाची वाट पाण्याखाली गेली. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही तोंड उघडलं नव्हतं. ते तोंड न उघडणं तिला अजून सलत होतं.

रोहिणीनं नकाशावर विहिरीपासून फाटकापर्यंतचं अंतर बोटानं मोजलं. तिचे कान लाल झाले होते. तरी भिवराबाई खाली बसली नाही.

शेवटी रोहिणीनं पेन्सिल काढली. विहिरीसमोर, रुळांच्या खालून एक छोटी रेघ ओढली.

"इथं खालून वाट काढता येईल. बैलगाडी जाईल एवढी."

"येईल, का काढशील?"

"काढीन. न्हाई ऐकलं कंपनीनं, तर आराखड्यावर माझी सही न्हाई."

सुंदररावांनी टाळी वाजवली, मग साऱ्या मंडपानं. कुणीतरी चहा सांगायला पळालं. माणसं नकाशाभोवती गोळा झाली, बाया त्या नव्या रेघेवर बोट फिरवून बघू लागल्या.

गर्दी पांगल्यावर भिवराबाई लेकीजवळ आली.

"लई बोलले का गं?"

"न्हाई माय. बरं झालं बोललीस."

"मंग एवढं ध्यानात ठिव," भिवराबाई नकाशाची गुंडाळी तिच्या हातात देत म्हणाली. "आज आमी नुसती त्यांची सोंगं घेतली. परवा आफ्रिकेत इमानातून उतरून नकाशातल्या ह्या गावच्या खऱ्या बायांपुढं उभी ऱ्हाशील, तवा परदेशी म्हंजी आपुन."