मुखवटा कंपनीचा

कंपनीचा वकील मुखवटा पिशवीत घालून घेऊन गेला, तेव्हा उन्मेष नवरीच्या खोलीत आरशापुढं बसला होता. काटोल रोडवरचं ते लग्नाचं लॉन. आज स्टेजच्या जागी कुस्तीची रिंग बांधली होती, आणि पांढऱ्या खोळींच्या खुर्च्यांवर बसलेले लोक "बिबट्या, बिबट्या" म्हणून ओरडत होते.

बिबट्या म्हणजे उन्मेषच. पण मुंबईच्या कुस्ती कंपनीशी झालेल्या करारात नाव कंपनीचं, मुखवटाही कंपनीचा. कंपनी सोडून पोरगा घरी आला, बिबट्या तिकडंच राहिला. खेळ भरवणारा पियुष वकिलाच्या हातापाया पडला. वकील म्हणाला, खुशाल खेळू द्या, बिबट्या म्हणून नाही.

"उघड्या तोंडानं मले कोण ओळखते, आजी," उन्मेष म्हणाला. "हसतील लोकं. मी नाही जात."

जिजाबाईला या गादीवरच्या कुस्तीचा तिटकाराच. कोण पडणार ते आधीच ठरलेलं, तिला कुस्ती काय म्हणायची? तिचा नवरा रुपराव मातीत लढलेला. पण नातू असा मान खाली घालून बसलेला तिला बघवेना. तिनं पियुषला बोलावून घेतलं.

"दंगलीत पैलवानाले कसं पुकारतात, माहीत आहे का तुले? गाव सांगतात आन् घर सांगतात. काटोलच्या रुपराव पैलवानाचा नातू म्हण. हे नाव कोन्या वकिलाच्या बापानं लिहून घेतलं नाही."

पियुषनं तसंच पुकारलं. लोक हसले. मागून कोणीतरी शिट्टी मारून विचारलं, बिबट्या कुठं लपला? उन्मेष दोरीपाशी उभा. हात कुठं ठेवावे तेही त्याला कळेना. पडद्याआडून बघणाऱ्या जिजाबाईनं पदर दातात धरला. आपणच पोराला सुळावर चढवलं, असं तिला झालं.

समोरून इतवारीचा मधुसूदन आला. लोकांचा लाडका, बैलासारखा गडी. नागपुरात कधी पडला नव्हता, आजही तोच जिंकायचा हे ठरलेलं. त्यानं उन्मेषच्या उघड्या तोंडाकडं पाहिलं, आणि एक पाऊल मागं घेतलं.

हसू थांबलं. बिबट्यालाही न भिणारा मधुसूदन या पोराला भ्यायला?

उन्मेषच्या पहिल्याच धक्क्याला मधुसूदन असा आदळला की गादीखालच्या फळ्या वाजल्या. बरगड्या धरून उठला, पुन्हा पडला. मग अंगाला अंग भिडलं तेव्हा उन्मेषच्या कानात काहीतरी बोलला. पोराचे डोळे मोठे झाले. त्यानं मधुसूदनला कमरेला धरलं आणि उचललं. एवढा गडी स्वतः उडी घेतल्याशिवाय उचलला जात नाही, हे पैलवानाच्या बायकोला कोणी सांगायला नको होतं. मधुसूदन हवेत गेला आणि सपाट पाठीवर आला. पंचानं तीनदा हात आपटला, उन्मेष जिंकला.

"असं ठरलं नव्हतं," पियुष पुटपुटला.

लोक "काटोल, काटोल" करत रिंगपाशी धावले.

मधुसूदन नवरीच्या खोलीत एकटाच स्टुलावर बसला होता. जिजाबाई लॉनच्या स्वयंपाकघरातून हळद घालून तेल गरम करून घेऊन आली. तो ओशाळला, काही लागलं नाही आजी, हे सगळं नाटकच असतं, म्हणाला.

"मले नको शिकवू. पाठ कर इकडं."

तेवढ्यात गळ्यात हार घेऊन उन्मेष आत आला. आपलाही खांदा ठणकतो म्हणत आजीपुढं वाकला.

"तू थांब गा," ती मागं न बघता म्हणाली. "तुले तं लोकायनं खांद्यावर घेतलं."

आणि मधुसूदनच्या पाठीवर जिथं फळ्यांचा लाल वळ उठला होता, तिथं तिनं तेलाचा तळहात ठेवला. रुपराव गेल्यापासून तिनं कोण्या पैलवानाच्या पाठीला तेल लावलं नव्हतं. नातवाच्यासुद्धा.